तोटीला लावलेलं लोणी

तमाले, घाना, ११ जानेवारी २०१८

सुगलो,

फोन उचलत नाहीस म्हणून कागद काढलाय. माझा नंबर तू बंद करून टाकलास हे मला प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या फुशाताने सांगितलं. तिच्या फोनवरून लावला तर पहिल्याच घंटीला उचललास, आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. बरं. कागद काही वाजत नाही, तेव्हा तो तरी वाचशील.

तुझा खड्डा परत आलाय.

काल सकाळी. उत्तरेच्या कोरड्या वाऱ्याने खिडक्या थडथडत होत्या, टेबलावर बोट फिरवलं की धुळीत रेघ उमटत होती, आणि मी आपली नवीन मुलीला दाखवायला म्हणून मोजणी लावली. तीच पॉलिमरची साखळी, तीच बाटली, झाकणावर तुझ्याच अक्षरातली चिठ्ठी. बशीत पाणी घेतलं, प्लॅटिनमची कडी बुडवली, वरून तोटीच्या काचनळीतून, ब्युरेटमधून, साखळीचं द्रावण थेंब थेंब सोडत गेले. पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण नेहमीसारखा खाली खाली येत गेला. आता सपाट होईल म्हणून थांबले. तो सपाट झालाच नाही. आणखी खाली गेला, आणि मग वर आला. जिथे मायसेल, म्हणजे साखळ्यांचे गोळे, बनायला लागतात, बरोब्बर तिथे खड्डा. तुझ्या आलेखात होता तसाच.

मी तीनदा मोजलं. तीनदा आला.

आता तू म्हणशील, बाई, मी काय सांगत होतो? सांगत होतास, कबूल. पण जुलैत मी स्वतः मोजलं होतं ना? अकरा वेळा मोजलं. एकदाही खड्डा दिसला नाही, सपाट रेघ. मग मी काय समजायचं होतं? निबंध मासिकाकडे गेलेला, त्यावर तुझ्या नावाखाली माझं नाव, त्यांचे परीक्षक विचारतायत की हे पुन्हा करून दाखवा, आणि करायला जावं तर काहीच नाही. कुणीही म्हणालं असतं की पोराने आकडे घरी बसून रचले.

आणि शेवटी तू स्वतःच लिहून दिलंस की रचले म्हणून. खरं नव्हतं तर तसं का लिहिलंस, हे मला कळत नाही.

काल तो खड्डा बघून मला आनंद झाला की भीती वाटली, तेही कळलं नाही. नवीन मुलगी म्हणाली, "मॅडम, काही चुकलं का?" मी तिच्यावर उगाच खेकसले.

टेचिमानला तू कुठल्याशा साबणाच्या कारखान्यात लागलायस असं ऐकलं. जेवतोस का नीट?

झुवेरा नेंदो
(मॅडम म्हणायचं असेल तर म्हण, नाहीतर नको)


तमाले, २३ जानेवारी

सुगलो,

बारा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. टपाल तमालेहून टेचिमानला पोचायला इतके दिवस लागत नाहीत. म्हणजे पोचलंय आणि तू हट्टाला पेटलायस. पेट.

माझं डोकं पार चक्रावलंय. ह्या बारा दिवसांत मी काय काय केलं ते सांगते, कारण हे ज्याला सांगावं असा दुसरा माणूस इथे नाही. पाणी बदललं. तीनदा ऊर्ध्वपातन केलेलं पाणी घेतलं. खड्डा. कडी ज्योतीत लाल होईपर्यंत तापवली. खड्डा. तुझी बाटली बाजूला ठेवून साखळी नव्याने शुद्ध केली, त्यात चार दिवस गेले. खड्डा! मग म्हटलं वाऱ्यातली धूळ असेल. काचेच्या पेटीत बसवून मोजलं. तरी खड्डा, मेला हलतच नाही.

खड्डा म्हणजे मळ, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. तुम्हाला पहिल्याच तासाला शिकवलं होतं. तू मागच्या बाकावर बसून डुलक्या घेत होतास, तरी पुन्हा सांगते. ह्या साखळ्यांची अर्धी बाजू पाण्यावर जीव टाकते, अर्धी पाण्याला भिते. थोड्याच असल्या की पृष्ठभागावर गर्दी करतात, भित्री बाजू हवेत काढून उभ्या राहतात, आणि पाण्याचा ताण उतरतो. वरची जागा भरली की मग खाली पाण्यातच गोळा होतात. कुणी सांगावं लागत नाही, कुणी जमवावं लागत नाही. भित्र्या बाजू आत, पाण्याच्या बाजू बाहेर, असे गोळे. त्यांच्या पोटात आपण मलेरियाचं औषध लपवणार होतो, तू आणि मी. आता पाण्यात कुठून तेलातुपाचा अंश आला, तर तो आधी वरच पसरतो आणि ताण जास्तच उतरवतो. गोळे बनले की ते त्याला ओढून पोटात घालतात, आणि ताण परत चढतो. म्हणून खड्डा.

एवढं सगळं बरोबर आहे. पण मळ बाटलीत असता तर जुलैतही दिसला असता! तेव्हा कुठे गेला होता? आणि आता बाटलीही बदलली, पाणीही बदललं, तर येतोय कुठून?

विभागात अजून कुणाला सांगितलं नाही. आधी कारण सापडू दे. कारण नसताना विभागप्रमुख अम्पोफो सरांपुढे जाऊन काय सांगू, की सर, खड्डा आला? ते म्हणतील, मॅडम, पोराने कबूल केलंय, तुम्ही कशाला उकरताय?

फुशाता काचसामान धुताना तोटीबद्दल काहीतरी बडबडत असते. तिचं काय घेऊन बसायचं.

तू असतास तर आपण दोघांनी मिळून शोधलं असतं. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं, आता खोडत नाही.

झुवेरा


तमाले, ९ फेब्रुवारी

सुगलो,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. ते टपालात टाकलं त्याच्या आदल्या दिवशीच मला कारण कळलं होतं.

फुशाता बडबडत नव्हती. तिने अगदी सरळ विचारलं होतं. हातात जुनी काचेची ब्युरेट धरून म्हणाली, "मॅडम, ह्या तोटीला परत ते लोणी लावू ना? मागच्या वर्षी तुम्ही लावायला सांगितलं होतं तसं? सुकलंय सगळं."

मी म्हटलं, "कसलं लोणी?"

"शियाचं, सुगलोच्या आईने आणलेलं. अजून आहे की कपाटात निम्मं. ह्या महिन्यातही तेच लावतेय मी. नाहीतर तोटी फिरतच नाही ह्या वाऱ्यात."

मी कपाट उघडून पाहिलं. होतं.

तुला आठवत असेल, तुझा प्रवेश झाला तेव्हा तुझी आई सावेलुगुहून भोपळ्याच्या वाडग्यात शियाच्या बियांचं लोणी घेऊन आली होती, सगळ्या विभागासाठी. आम्ही सगळ्यांनी ते हाताला लावलं, ओठाला लावलं. आणि मागच्या जानेवारीत वारा सुटला, तोटी धुळीने आवळली, परदेशातली ग्रीस संपलेली, तेव्हा मीच फुशाताला म्हटलं, "अगं लाव ते लोणी, मऊ होईल." मीच. मी विद्यार्थी असताना आम्ही असंच करायचो, म्हणून सुचलं. तेव्हा कोण साखळ्यांचे ताण मोजत होतं! आम्ही आम्ल मोजायचो, त्यात चिमूटभर लोण्याने काय बिघडणार?

जूनमध्ये प्लॅस्टिकच्या तोटीची नवी ब्युरेट आली. तिला काही लावावं लागत नाही. जुलैत मी तिने मोजलं. डिसेंबरात ती फुटली, आणि जुनी पुन्हा काढली. इतकंच आहे, सुगलो. तुझ्या साखळीत काही नवीन नव्हतं. पण तू एकही आकडा रचलेला नव्हता. जे दिसलं तेच तू लिहिलंस. दिसणारं लोणी होतं, आणि ते मी लावायला सांगितलं होतं.

मी अठरा दिवस हे कुणाला सांगितलं नाही. तुलासुद्धा नाही. रोज प्रयोगशाळेत जाऊन उगाच पाणी बदलत होते, जणू कारण दुसरंच काही निघेल.

आता दुसरं. पहिल्या पत्रात मी विचारलं होतं, तू कबुली का लिहून दिलीस. किती निर्लज्जपणा! मला चांगलं ठाऊक आहे तू का लिहून दिलीस. मी तुला माझ्या खोलीत बोलावलं, दार लावलं, आणि म्हटलं की मान्य कर, एक वर्षाने परत घेतील, मी बघते. नाही मान्य केलंस तर कायमचा जाशील. तू म्हणालास, "पण मॅडम, मी केलंच नाही." मी म्हटलं, "मग आलेख कुठून आला?" ह्यावर तुझ्याकडे उत्तर नव्हतं. कसं असणार? मग वाक्य मी सांगितलं आणि तू उतरवलंस. मासिकाला ते पाठवलं आणि माझं नाव वाचलं. तुला त्यांनी एका वर्षासाठी नाही, कायमचं काढलं. आणि मी काहीच बघितलं नाही.

मला अजून समजत नाही, तेव्हा मला तू खोटा वाटत होतास की तू खोटा असणं मला सोयीचं होतं. रोज वेगळं उत्तर येतं.

सोमवारी अम्पोफो सरांकडे जाणार आहे.

झुवेरा


सावेलुगु-तमाले रस्ता, २ मार्च

सुगलो,

हे टपालात टाकणार नाही. का, ते पुढे येईलच.

अम्पोफो सरांकडे गेले. जसं वाटलं होतं तसंच बोलले. "मॅडम, फाइल बंद झालीय. पोराने सही करून कबूल केलंय."

मी म्हटलं, "कबुली त्याने लिहिली, वाक्यं माझी होती."

सरांनी चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही त्याला सांगितलंत काय लिहायचं?"

"शब्द न् शब्द."

"का?"

मी म्हटलं, "घाबरले होते." दुसरं काय सांगणार? फुशातालाही आत बोलावलं, तिने तोटीचं सगळं सांगितलं, न घाबरता. मग समिती बसली, दोनदा बसली. तुला काढल्याचा हुकूम रद्द झालाय. तू येऊन तुझं काम पुरं करू शकतोस, दुसऱ्या शिक्षकाकडे. मला ह्यापुढे विद्यार्थी घेता येणार नाहीत, आणि मासिकाला मी खरं काय ते कळवलंय. माझी तक्रार नाही. अठ्ठावीस वर्षं शिकवलं, आता विद्यार्थ्यांविना काय करायचं हे कळत नाही, एवढंच.

नव्या हुकुमाचा कागद घेऊन आज तुझ्या आईकडे गेले. माफी मागायला नेतात ती कोलाची बी घेतली बरोबर. एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला मध्ये घालून पाठवायची आपली रीत, पण म्हटलं, हे मध्यस्थाकरवी करायचं काम नाही. मा अबिबा अंगणात होत्या, चार बायका मिळून शियाचा लगदा पाण्यात घोळत होत्या. कोपरापर्यंत हात माखलेले. मला त्यांनी ओळखलं, आणि पाणी विचारलं नाही. मी गुडघे टेकून बसले, त्यांनी बसू दिलं.

मी सगळं सांगितलं. तोटी, लोणी, खड्डा, सगळं. जमेल तितक्या सोप्या शब्दांत. त्या घोळतच राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आधी माझं पोर खोटं ठरवलंत, आता माझं लोणी खोटं ठरवताय?"

बाकीच्या बायका हसल्या. मी म्हटलं, "नाही हो मा, लोण्याचा दोष नाही. ते पाण्यावर येतं, म्हणून..."

"लोणी पाण्यावर येतं हे मला माझ्या आईने सहाव्या वर्षी शिकवलं. तुला एवढी शिकून कळलं नाही होय?" तुम्हीवरून त्या तूवर आल्या, आणि मला ते बरोबरच वाटलं.

मग त्यांनी हात पुसले, आत गेल्या, आणि माझी तिन्ही पत्रं आणून माझ्या पुढ्यात टाकली. एकही उघडलेलं नव्हतं. म्हणाल्या, "सुगलोने पाठवलीत इकडे. म्हणाला, मा, मला बघायचीसुद्धा नाहीत, तू वाटलं तर चुलीत घाल. मला वाचता येत नाही. चुलीत घालायच्या आधी काय जाळतेय ते कळू दे. वाच."

मी वाचली. तिन्ही पाकिटं फाडून, एकामागून एक, आपल्या भाषेत सांगत. पहिलं वाचताना माझाच आवाज मला सहन होईना. "तू स्वतःच लिहून दिलंस," वाचलं आणि थांबले. एक बाई म्हणाली, "ह्या बाईला पोराचा राग आलाय का काय?" दुसऱ्यात सगळं मळाचं आणि गोळ्यांचं होतं, ते त्यांना आवडलं. साबण असाच चालतो का, असं एकीने विचारलं. मी हो म्हटलं. तुझी आई म्हणाली, "पुढे वाच." तिसरं वाचलं तेव्हा कुणी हसलं नाही.

वाचून झालं तशी तुझ्या आईने पुन्हा लगद्यात हात घातले. मग म्हणाली, "हे बरं लिहिलंस. पण कागदावर लिहिलंस. माझ्या पोराचं नाव तू कागदावर नाही घालवलंस, माणसांत घालवलंस. बाजारात बायका मला विचारायच्या, तुझ्या पोराने काय चोरलं गं शाळेत? तो आता जिथे काम करतो तिथेही कुणीतरी पोचवलंय. तिथे त्याला खोटे आकडेवाला म्हणतात. तिथे जाऊन बोल. सगळ्यांसमोर बोल."

मी म्हटलं, "तो मला आत येऊ देईल का?"

"मला काय ठाऊक? मी माझं सांगितलं."

पाणी शेवटपर्यंत दिलं नाही. पण उद्याची टेचिमानची बस किती वाजता सुटते, ते मात्र स्वतःहून सांगितलं.


टेचिमान, ३ मार्च, दुपार

सुगलो,

तुमच्या कारखान्याच्या दारातल्या स्टुलावर बसून लिहितेय. फेसाचा वास इथपर्यंत येतो. तुला वाटेल बाई पत्रांशिवाय दुसरं काही जाणतच नाही. पण तू पुढे काही ऐकायला थांबला नाहीस, म्हणून पुन्हा कागदच काढला.

झालं ते असं. मी आत आले तेव्हा तुम्ही सात-आठ जण मोठ्या पिंपाभोवती होतात. तू पाठमोरा होतास, पोत्यातलं मीठ भांड्याने घालत होतास, आणि दुसरा ढवळत होता. द्रव घट्ट होत चालला होता. मीठ घातलं की गोळ्यांचे लांब किड्यांसारखे दोरे होतात आणि एकमेकांत गुंततात, म्हणून साबण जाड होतो, हे मी तुला शिकवलेलं नाही, तू स्वतः शोधलंयस किंवा इथे शिकलास. मला क्षणभर वाटलं हाक मारावी आणि विचारावं किती मीठ घालतोस, जास्त झालं तर परत पातळ होईल. मग स्वतःचीच लाज वाटली. आले कशाला होते, आणि बघतेय काय!

तुमच्या मालकीण सेरवाबाई पुढे आल्या. चांगल्या आहेत स्वभावाने. इंग्रजीत म्हणाल्या, "या बाई, साबण घ्यायचाय? घाऊक की किरकोळ?"

मी म्हटलं, "साबण नकोय. सुगलोला भेटायला आलेय."

"तुम्ही त्याच्या कोण?"

येताना बसमध्ये मी ह्याचं उत्तर तयार केलं होतं. त्याची शिक्षिका, त्याच्या आईने पाठवलंय, असं काहीतरी. तोंडात आलंच नाही. कसं कुणास ठाऊक, जे आलं ते मोठ्याने आलं. मी म्हटलं, "ह्या मुलावर खोटा आळ घेऊन ज्या बाईने त्याला विद्यापीठातून काढायला लावलं, ती मी. त्याने एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. कबुलीचा कागद मी त्याच्याकडून जबरदस्तीने लिहून घेतला होता. तुम्ही इथे त्याला जे म्हणता ना, ते मला म्हणा."

ढवळणारा थांबला. कुणीतरी पिंपामागून हळूच "अरे देवा" म्हणालं. सेरवाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तुझ्याकडे. तू वळला होतास. मिठाचं भांडं तसंच हातात होतं. मी तुझं तोंड नीट पाहिलं नाही, नजर वर करायची हिंमत झाली नाही, म्हणून तुला राग आला की काय झालं हे मला खरंच सांगता येणार नाही. भांडं खाली ठेवलंस आणि मागच्या दाराने गेलास.

सेरवाबाईंनी मला हे स्टूल दिलं आणि पाणीही दिलं. आत सगळे दबक्या आवाजात बोलतायत. मला इथली भाषा फारशी कळत नाही, पण तुझं नाव मधूनमधून ऐकू येतंय.

हुकुमाचा कागद पाकिटात घालतेय. पाकीट सेरवाबाईंकडे देते आणि पाचच्या बसने जाते. हेही उघडलं नाहीस तरी माझी हरकत नाही. ह्यात काय लिहिलंय ते इथे आता सगळ्यांना ठाऊक आहे.

झुवेरा नेंदो